मासे नसलेली टाकी

समोरच्या घरातल्या मार्लिस हाउगस्टाडला मी लग्न होऊन डुलुथला आले तेव्हापासून ओळखते. इथं सरोवर गोठलं की माणसं घरात कोंडतात आणि ज्याचं त्याचं वेड बाहेर पडतं. तिच्या नवऱ्याचं, लाइलचं, वेड म्हणजे जेवणघरातली खाऱ्या पाण्याची टाकी. आत जिवंत पोवळी आणि त्यांच्यावरून फिरणारा नारिंगी माशांचा घोळका. अँथिअस म्हणतात त्यांना. डझनभर माद्या आणि एक जांभळट नर. वळले की सगळे एकदम वळायचे, पडद्याला वारा लागावा तसे.

नवा मासा लाइल थेट वर सोडत नसे. तळघरात, कपडे धुवायच्या मशीनशेजारी, एक साधी टाकी होती. तिथं तांब्याचं औषध घालून मासे महिनाभर वेगळे ठेवायचे, नीट खाताहेत का बघायचं, मगच वर. ते औषध पोवळ्यांना मारतं, त्यामुळे वरच्या टाकीत घालता येत नाही. रोग वर शिरला की संपलंच.

"तुझ्या आईनं मला इतकं पारखलं नव्हतं," मार्लिस चिडवायची.

"पारखलं असतं तर तू या घरात आली असतीस का?"

मग गुडघ्याच्या ऑपरेशनला म्हणून लाइल इस्पितळात गेला आणि ताप येऊन तिथंच अडकला. तो परतेल तेव्हा घोळका भरलेला दिसावा म्हणून मार्लिसनं तीन माद्या आणल्या. चांगल्या चपळ दिसत होत्या. खाली एकट्या पडल्या तर उपाशी मरतील, असं वाटून तिनं त्या वरच सोडल्या.

तिचा फोन आला तेव्हा मला आवाज ओळखू येईना. "इर्मा, त्यांच्या अंगावर पीठ चाळल्यासारखं दिसतंय गं."

मी गेले. मासे पाण्याच्या धारेला तोंड लावून धापा टाकत होते. पोवळी मात्र टवटवीत फुललेली. लाइल कुबडीवर घरी आला तोवर एकही मासा उरला नव्हता.

मार्लिसनं सगळं सांगितलं. तो टाकीसमोर जरा उभा राहिला आणि म्हणाला, "कॉफी आहे का?"

त्यानंतर त्यानं तो विषयच काढला नाही. माशांच्या अंगावर जगणारे आतले रोगजंतू उपासमारीनं मरेपर्यंत, दीड-दोन महिने, टाकी माशांशिवाय ठेवायची होती. दिवे आपोआप लागायचे, विझायचे. पाणी फिरत राहायचं. एकदा मी केक घेऊन गेले, तर मार्लिस चिमटीत खाणं धरून काचेपुढे उभी.

"जमलेत बघ," ती म्हणाली. "खायची वेळ झाली ना."

"मार्लिस, आत कुणी नाहीये."

"माहितेय मला. आंधळी नाहीये मी. पण नजर हलली की दिसतात."

मी लाइलला गॅरेजमध्ये गाठलं. "बायकोवर एकदा ओरड बाबा."

"कशाला? तिला आधीच वाईट वाटतंय."

"म्हणूनच ओरड."

बर्फ वितळायला लागल्यावर नवा घोळका तळघरात आला. लाइलला जिना उतरवत नव्हता, म्हणून सगळं मार्लिसकडे आलं. जाळी वेगळी, बादली वेगळी, कोपरापर्यंत हात धुऊनच वर यायचं. एका दुपारी मी तिथंच कॉफी घेत होते. ती ओल्या हातांनी वर आली. "दोघी खातच नव्हत्या. गेल्या."

लाइलनं कप आपटला. "मला विचारायचं होतंस, मार्लिस! एक फोन करायचा होतास. माझे होते ते मासे!"

तो कुठल्या माशांबद्दल बोलतोय हे आम्हा तिघांनाही कळलं. मार्लिस जिन्याच्या पायरीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. "बोल," ती म्हणाली. "अजून बोल." तो बोलला, अगदी घसा बसेपर्यंत.

उरलेल्या माद्या वर गेल्या, खडकाआड लपल्या आणि दुसऱ्या दिवशी बाहेर आल्या. नर नव्हताच. अशा वेळी सगळ्यात थोराड मादीच नर होते. पानगळीपर्यंत तिचा रंग जांभळट झाला, पर लांब झाले. मार्लिसला हे ठाऊक होतं, लाइलनंच शिकवलेलं.

"हा नवा आहे, कळतं मला," ती म्हणाली. "पण पहिला ज्या कपारीत झोपायचा, नेमका तिथंच शिरतो. याला ती कुणी दाखवली?"

"कपार चांगली आहे गं," लाइल म्हणाला.

तिनं मान हलवली. मासे आता तीच सांभाळते, आणि झकास सांभाळते. जेवते मात्र टाकीपासून लांब, स्वयंपाकघरात, उभ्यानं.