खाटेभोवतीची रेघ

चैत्रातला दुसरा रविवार, सकाळी दहा. हजर: मी, धाकटे दीर, सासूबाई. गैरहजर: हे. पौषात गेले.

हे कॉलेजात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. लॉजिक गेट फळ्यावर मुलांना कळत नाही, म्हणून डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून आत शिरता येईल अशी एक खोली ह्यांनी बनवायला घेतली होती. खोलीत दोन खटके, एक दिवा. दोन्ही खटके ओढले तरच दिवा लागणार. ती चालती करून मंगळवारी प्रयोगशाळेत आणून देईन, असा शब्द मी कॉलेजला दिला होता. जुना लॅपटॉप सारखा बंद पडत होता, तेव्हा नव्यावर सगळं पहिल्यापासून मांडायचं होतं. ह्यांच्या वहीवरून मी चौदा कामांची यादी केली.

"वहिनी, श्वास घ्यायचं काम कितव्या नंबरला हाय?" दीर म्हणाले.

"तुमच्या बडबडीच्या आधी. केबल धरा."

दुपारपर्यंत अकरा कामं झाली. खोली ज्यात बनवली त्या गेम इंजिनची जुनीच आवृत्ती शोधून घातली, कारण नवीत ह्यांचं काम उघडेना. बारावं काम नव्या लॅपटॉपला हेडसेटशी जोडायची परवानगी देणं. ती हेडसेटच्या आतूनच द्यावी लागते.

डोळ्यांवर चढवला आणि फरशीवर निळी रेघ दिसली. घालणारा भिंतीवर आपटू नये म्हणून मोकळ्या जागेची हद्द आधी आखून ठेवतात. ही ह्यांनी आखलेली. भिंतीलगत सरळ गेलेली, खिडकीपाशी आत वळलेली. तिथं त्यांची खाट होती. तेराव्यानंतर आम्ही ती मोहोळला नणंदेकडे पाठवली.

परवानगी दिली. खोली उघडली. पहिला खटका ओढला. दुसऱ्याकडे हात नेला तर सगळं नाहीसं झालं आणि समोर आमची खिडकी. रेघ ओलांडली की हेडसेट खरी खोलीच दाखवतो; दुसरा खटका रेघेपलीकडे होता, खाटेच्या जागेत. शेवटी ह्यांच्या मानेला हेडसेट पेलवत नव्हता. हा खटका त्यांनी पडल्या पडल्या लॅपटॉपवर लिहिला, घालून कधी पाहिलाच नाही.

मी दोघांना सांगितलं.

"मग जुनी हद्द पुसा, नवी आखा," दीर म्हणाले. "मिनिटाचं काम."

"पुसल्यावर परत येती व्हय?" सासूबाईंनी विचारलं.

"न्हाय आई. ह्यात एकच राहते."

"मंग मला दाव की एकदा."

मी त्यांना हेडसेट घातला, कोपर धरलं. त्या रेघेकडेनं हळूहळू चालल्या. वळणापाशी थांबल्या. पाऊल पुढं टाकलं नाही.

"हितं पाय यायचे त्याचे," म्हणाल्या. मग हेडसेट काढून माझ्या हातात दिला आणि चहा टाकायला गेल्या.

खटका अलीकडे सरकवता आला असता. पण ह्यांनी लिहिलेलं शेवटचं तेवढंच आहे. ते तसंच मुलांपुढे जायला हवं. पुसायचं बटण कुठं आहे ते मला माहीत आहे. मंगळवार परवावर आला.

काम तेरा: जुनी हद्द पुसून नवी आखणे. बाकी.