पेलाजीबाईंच्या आईचं राफियाचं लुगडं

पेलाजी हे त्यांचं नाव, ‘बाई’ मी जोडलं. माझा नवरा मोहन म्हणायचा, “वीणा, अगं त्या काँगोच्या आहेत, सांगोल्याच्या नाहीत!” मी म्हणायचे, त्यांना चालतं, तुझं काय जातं?

२००५ साली अमेरिकेत, शॉमबर्गला आम्ही समोरासमोर राहायचो. मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे कामाची परवानगी नाही, घरात बसून चरफडायचं. पेलाजीबाई नर्सिंग होमच्या लाँड्रीत डबल शिफ्ट करून यायच्या आणि कोट काढल्या काढल्या सुई हातात घ्यायच्या. आतल्या खोलीत त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

त्या भरत होत्या ते कापड पाहिलं आणि मी वेडीच झाले. ताडासारख्या झाडाच्या पानांचे धागे, त्यांना राफिया म्हणतात. त्यांचे विणलेले चौकोन आणि वर काळी-तपकिरी नक्षी, हात फिरवावा तर मखमल!

“हॉलमध्ये काय शोभेल हो!” मी म्हटलं.

“हे आईला नेसवायचंय. ती गेल्यावर.”

“अगं बाई, शुभ बोला!” मी मराठीतच ओरडले. जिवंत माणसासाठी असलं कुणी शिवतं? मी तरातरा घरी निघून आले.

पण राहवेना. दुसऱ्या दिवशी म्हातारीला मऊ भात घेऊन गेले, तेव्हा पेलाजीबाईंनी समजावलं. त्या काँगोतल्या कुबा जमातीतल्या. त्यांच्यात बाई शेवटचं राफियाचं लुगडं नेसून जाते, नाहीतर पलीकडची आपली माणसं तिला ओळखत नाहीत. म्हातारी स्वतःच रोज विचारायची, कुठवर आलं? चौकोन त्यांच्या मामांनी गावी विणून दिलेले, येताना बॅगेतून आणलेले. भरतकाम मात्र घरातल्या सगळ्या बायकांनी मिळून करायचं असतं. आणि इथे होत्या एकट्या पेलाजीबाई.

“एकट्या कशा? मी आहे ना,” मी म्हटलं. माझं तोंड नेहमीच पुढे पळतं.

भरायचे धागे संपत आले होते. मी मोठ्या तोऱ्यात क्राफ्टच्या दुकानातून राफिया आणला. पाण्यात घातला तर लगदा! कागद निघाला मेला. पेलाजीबाई बस पकडून नर्सरीत गेल्या आणि रोपं बांधायच्या खऱ्या राफियाची जुडी घेऊन आल्या.

मी पहिला चौकोन भरला, शाळेत शिकवलं तसा, मागे नीट गाठी मारून. म्हातारीने तो उलटा केला, बोट फिरवलं, सुरी मागितली आणि एकेक गाठ कापून टाकली. अख्ख्या दुपारची मेहनत मांडीवर गळून पडली.

“म्हातारी भारी खाष्ट आहे!” मी फणकारले. शब्द कळले नसतील, पण ती बोळकं पसरून हसली.

पेलाजीबाईंनी दाखवलं. धागा विणीखालून ओवायचा, टोकं आखूड कापायची, कापडच त्याला घट्ट धरून ठेवतं. मी पुन्हा भरला. म्हातारीने चौकोन चाचपला आणि उशीखाली सरकवला. पास की नापास, कुणास ठाऊक.

फेब्रुवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, म्हातारी गेली. काठाची पट्टी तेव्हा अर्धवटच होती. फ्युनरल होमचे गृहस्थ फोनवर म्हणाले, एखादा चांगला ड्रेस द्या, उद्याच उरकू.

“लुगडं पूर्ण होईपर्यंत आई जाणार नाही,” पेलाजीबाईंनी ठणकावलं आणि फोन ठेवला.

मी समोर त्यांच्या घरी सुई घेऊन बसले. मोहनने खिचडी आणून दिली. माझे डोळे सारखे भरून यायचे, सुई दिसेना.

“रडायचं नंतर, वीणा. आधी शीव.”

शिवलं. मी काठ भरला, चौकोनांची जोडणी त्यांनी केली. पूर्ण केलं. पेलाजीबाईंनी आपल्या हातांनी आईला नेसवलं. ते गृहस्थ बघतच राहिले. म्हणाले, हे पुरू नका, फ्रेम करा, पुढच्या पिढ्या बघतील.

“मागच्यांनी बघायचंय,” पेलाजीबाई म्हणाल्या.

मी माझा चौकोन शोधत होते. काठाला नाही, मागे नाही. नापासच म्हणायची मी! पेलाजीबाईंनी माझा हात धरून म्हातारीच्या कमरेपाशी नेला. तिथे, अगदी समोर, माझा चौकोन होता.

“जागा आईनेच सांगून ठेवली होती. म्हणाली, तिकडे बायका विचारतील, हा हात कुणाचा? मग मी त्यांना वीणाबद्दल सांगेन.”

मी तिथेच भोकाड पसरलं. या वेळी पेलाजीबाईंनी मला थांबवलं नाही.