आक्काला फुलाचा टाका कोणी शिकवला

आक्काच्या पुतण्याचा, दिनेशचा फोन आला तेव्हा मी महाडात गिरणीवर दळणासाठी थांबले होते. गिरणीच्या घरघरीत मला 'काकी' एवढा एकच शब्द ऐकू आला. बाहेर रस्त्यावर येऊन म्हटलं, "आता बोल." तो म्हणाला, "मावशी, काकी गेली." आणि मी विचारलं, "कुठे गेली?" ...खरंच असं विचारलं मी. कारण माझी थोरली बहीण अशी अधूनमधून कुणाला न सांगता जायची, मुंबईला, डोळे दाखवायला. दिनेश हळूच म्हणाला, "जेवून ओटीवर आडवी झाली ती उठलीच नाय." दळण तसंच गिरणीवर टाकून मी पोलादपूरची गाडी धरली. तिथून कुडपणला वर जाताना वळणावळणाला मी स्वतःला सांगत होते की आक्का गेली. पण मनाला ते पटत नव्हतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तेव्हा ती गेली हे पटत नव्हतं, आता ती नेमकी कोण होती हेच कळेनासं झालंय.

आक्काचं नाव वत्सला. आमचं माहेर तुडीलचं, सावित्रीच्या काठावरचं. लहानपणी आमच्या पायांना सतत नदीचा चिखल असायचा. तिथून आक्काला दिली ती थेट डोंगरमाथ्यावर कुडपणला. पावसाळ्यात तिथे धुकं घरात शिरतं. अंगणात बांधलेली म्हस ओटीवरून दिसत नाही, नुसता तिचा आवाज येतो. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा आईला म्हणाली होती, "आई, तिथं सगळं बरं हाय, पण मासळीचा वास नाय." भावोजी मुंबईला एका कंपनीत होते. गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे. आक्काला मूल झालं नाही. पुढे भावोजींचं येणं कमी कमी होत गेलं आणि एका शिमग्याला ते आलेच नाहीत. गावचीच मुंबईतली माणसं बातमी घेऊन आली की त्यांनी भांडुपला दुसरा संसार मांडलाय.

आमचे वडील तडक कुडपणला गेले, लेकीला घेऊन यायला. मीही सोबत होते, माझं नुकतंच लग्न झालं होतं. वडिलांनी ओटीवर बसून पाण्याला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "वत्सला, कपडे भर. चल." आक्का गोठ्यातून आली, हात शेणाने भरलेले. म्हणाली, "आज कशी येऊ? म्हस व्यायला झालीय." वडील म्हणाले, "अगो, तुझा नवरा गेला दुसरीकडे आणि तू म्हशीचं काय सांगतेस?" तर म्हणाली, "तिला काय ठाव त्यातलं?" आणि परत गोठ्यात गेली. तिची जाऊ, म्हणजे दिनेशची आई, डोळ्याला पदर लावून उभी होती. आक्काच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. वडील येताना सबंध रस्ता एकच वाक्य बोलत होते, "ही पोर दगड आहे की काय?" मला तेव्हा वाटलं होतं, दुःख इतकं मोठं आहे की ते बाहेर येण्याला वाटच सापडत नाहीये. आता तेही खात्रीनं सांगता येत नाही.

त्यानंतर वर्षभराने आक्का एकटीच मुंबईला गेली. घरातल्यांना एवढंच म्हणाली, "जाऊन बघून येते." आम्ही सगळ्यांनी समजून घेतलं की आता ही भांडणार. भावोजींच्या कंपनीच्या दारात उभी राहणार, त्या बाईच्या झिंज्या उपटणार. आईने तर देवाला नारळ बोलला होता. आक्का बरेच दिवस राहिली. परत आली ती एकटीच. पिशवीत एक क्रोशाची सुई आणि नायलॉनच्या दोऱ्याचे दोन गुंडे. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "काय नाय. हे शिकले." "कोणी शिकवलं?" "होती एक बाई." मला वाटलं, कुणीतरी शेजारीण असेल, हिच्यावर दया आली असेल तिला.

तेव्हापासून आक्का बाजाराच्या पिशव्या विणायला लागली. शेतीची, गुरांची कामं आटोपली की ओटीवर भिंतीला पाठ लावून बसायची. पिशवीचं बूड आणि बंद साधे, नुसती जाळी. पण मधोमध फुलांचा पट्टा असायचा, आणि सगळं कौतुक त्या पट्ट्याचं. सुईवर लांब लांब फासे ओढून घ्यायचे आणि ते सगळे एकदम धाग्यात गोळा करायचे, की एक फुगीर पाकळी तयार होते. अर्ध्या पाकळ्या या ओळीत, उरलेल्या पुढच्या. म्हणजे ओळ संपली तरी फूल अर्धंच असतं, परत येताना ते पुरं होतं. मला तिने पुष्कळदा शिकवायचा प्रयत्न केला. माझ्या पाकळ्या चिंचोक्यासारख्या घट्ट व्हायच्या. "हात सैल सोड गो शोभे," म्हणायची, "कुणाचा गळा धरल्यागत दोरा काय धरतेस?" त्या पिशव्या ती कुणालाही देऊन टाकायची. गावातली पोर लग्न होऊन निघाली की एक पिशवी, मुंबईहून कुणी भेटायला आलं की एक पिशवी. पोलादपूरच्या स्टँडवर कुणाच्या हातात तसलं फूल दिसलं की मी ओळखायची, हे माणूस कुडपणचं.

आणि वर्षातून एकदा-दोनदा ती डोळे दाखवायला मुंबईला जायची. मी म्हणायची, "अगो, महाडात चांगले डॉक्टर आहेत. माझ्याकडे राहा, मी नेते." तर म्हणायची, "तिथला बरा हाय. त्याला माझे डोळे ठाव हायत." काही वर्षांपूर्वी भावोजी वारल्याची खबर आली तेव्हाही ती तशीच निघाली. आम्ही सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाली. परत आल्यावर मी भेटायला गेले. ती चुलीपाशी बसून भाकऱ्या थापत होती. खूप वेळाने आपणहून म्हणाली, "पोरगी लय रडली गो." मी विचारलं, "कुठली पोरगी?" तिने तव्यावरची भाकरी उलटली. "हाय शेजारची." दुःखात माणूस काहीही बोलतं, असं समजून गप्प बसले.

आक्काच्या तेराव्याला कुडपणचं घर भरलेलं होतं. दुपारी जेवणं चालू असताना जीपमधून एक बाई उतरली. साठीकडे झुकलेली, गुडघ्याला पट्टा, एका हातात काठी. तिला धरून एक तरुण मुलगी. बाईच्या खांद्याला पिशवी होती, मधोमध फुलांचा पट्टा असलेली. मी पुढे झाले. वाटलं, आक्काने पिशवी दिलेल्यांपैकी कुणी असेल. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "ही आक्कानंच केलेली ना?"

"नाही," बाई म्हणाली, "ही माझी. त्यांना मीच शिकवलं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ती थांबली. "तुम्ही शोभाताई ना? मी मंदा. भांडुपची."

पंगतीत वाढणारे हात तसेच थांबले. मला आठवतंय, दिनेशच्या हातातल्या पळीतून आमटी खाली ठिबकत होती. इतकी वर्षं मी या बाईचं एक चित्र मनाशी बाळगलं होतं. उंच, ओठ रंगवलेली, मोठ्याने हसणारी. त्या चित्राला मी किती वेळा काय काय सुनावलं होतं! आणि समोर ही, गाडी लागली म्हणून पिवळी पडलेली, काठीवर सगळा भार टाकून उभी. शेवटी आक्काच्या जावेने पाण्याचा तांब्या आणून तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "बस बाय. लांबून आलीस."

मंदा ओटीवर टेकली. मी तिच्यासमोर बसले खरी, पण का बसले ते कळत नव्हतं. उठून जावंसं वाटत होतं आणि सगळं ऐकायचंही होतं. ती आपणहूनच बोलायला लागली. "दार उघडलं तर या उभ्या. फोटो बघितला होता मी, लगेच ओळखलं. रूपाली कुशीत होती, महिन्याचीसुद्धा नव्हती. माझ्या माहेरचं कुणी नव्हतं, त्यांनी मला कधीच टाकलेलं. मला वाटलं, आता या केस धरून बाहेर काढणार. तेवढ्यात ही रडायला लागली. तर मला म्हणतात, 'हिच्या पोटात दुखतंय. ओवा हाय घरात?'"

आक्का भांडायला गेली होती आणि सवतीचं बाळंतपण करून आली होती. पोरीला तेल लावलं, आंघोळी घातल्या, शेक-शेगडी केली, मंदाला डिंकाचे लाडू करून घातले. भावोजी पहिल्या दिवशी कामावरून आले ते तिला बघून उंबऱ्यातच थबकले. "त्यांच्याशी त्या बोलल्या नाहीत," मंदा म्हणाली. "जितके दिवस होत्या तितके दिवस नाही. ते समोर बसलेले असायचे आणि मला सांगायच्या, 'मंदा, तुझ्या नवऱ्याला सांग, दूध संपलंय.'"

तुझ्या नवऱ्याला... मी ते दोन-तीनदा मनात म्हणून बघितलं. माझ्या आक्काच्या आवाजात ते बसेना, आणि बसलंही.

"दुपारी पोर झोपली की मी विणत बसायची," मंदा म्हणाली. "त्या नुसत्या बघायच्या. मग एक दिवस म्हणाल्या, दाव मला."

मी विचारलं, "तिनं तुम्हाला माफ केलं होतं?" माझा आवाज चढला असावा, कारण मुलीने चटकन आईच्या पाठीवर हात ठेवला. मंदा म्हणाली, "तसं विचारायची हिंमत नाही झाली कधी. एकदा फक्त म्हटलं, वत्सलाताई, तुम्ही माझ्यावर चिडत का नाही? तर म्हणाल्या, 'चिडते की. पण पोरीची आंघोळ राहिलीय.'"

डोळ्यांचा डॉक्टर कुणीच नव्हता. आक्का रूपालीला भेटायला जायची. वाढदिवसाला, परीक्षा झाली की, एकदा ती तापाने आजारी होती तेव्हा. रूपाली तिला मोठी आई म्हणायची. हे सगळं ती मुलगी मला सांगत होती, मधेच थांबून डोळे पुसत होती, आणि मी तिच्या चेहऱ्यात भावोजींचं नाक बघत होते. राग यायला हवा होता. तो येतही होता, पण कुणावर ठेवायचा ते कळत नव्हतं. मंदावर? भावोजींवर? की आक्कावर, जिने मला, सख्ख्या बहिणीला, इतकी वर्षं काही कळू दिलं नाही? आम्ही तिच्यासाठी हळहळलो, नवस बोललो, आई तर हाच घोर घेऊन गेली. आणि ती मुंबईत एका मुलीच्या वेण्या घालत होती. ती सुखी होती का? का दुसरं काहीच हाती नव्हतं म्हणून तिने तेवढं धरून ठेवलं? मंदाच्या लेकीला तिने जीव लावला, की मंदाकडून लेकीतला अर्धा वाटा काढून घेतला? विचारायला आता ती नाही. आणि असती तरी म्हणाली असती, "तुला काय करायचंय गो?"

निघताना रूपालीने विचारलं, "मोठ्या आईची एखादी पिशवी राहिलीय का? अर्धवट?" जावेने आतून एक आणून दिली. जांभळ्या दोऱ्याची, फुलांच्या दोनच ओळी झालेली, सुई तशीच अडकवलेली. रूपालीने हात पुढे केला. का कोण जाणे, मी मधेच ती घेतली आणि म्हटलं, "ही माझ्याकडे राहील." तिने लगेच मान डोलावली. मग जीपमध्ये बसता बसता म्हणाली, "मी तुम्हाला काय म्हणू?" मी म्हटलं, "म्हण काहीही." जीप वळणाआड गेली तरी मी तिथेच उभी होते.

पिशवी महाडला आणली. कपाटात ठेवली, मग बाहेर काढली. माझ्याने ती पुरी होणार नव्हती. परवा परवा रूपालीचा फोन आला, "मावशी, मी येऊ का एक दिवस? पिशवीला दोरा बघू या." मावशी हे तिचं तिनेच ठरवलं. मी ये म्हटलं. ती आली, माझ्या हातचं जेवली, आणि आम्ही पिशवी घेऊन बाजारात गेलो. जांभळा दोरा मिळाला, पण रंग नेमका जुळेना. दुकानदार एकेक गुंडा काढून उजेडात धरत होता. रूपाली म्हणत होती, "हा चालेल, थोडा फिका आहे, पण चालेल." तेवढ्यात आमच्या आळीतल्या सुलभाताई भेटल्या. आक्का माझ्याकडे यायची तेव्हापासूनची त्यांची ओळख. रूपालीकडे बघून म्हणाल्या, "ही कोण हो? पाहुणी?"

काय सांगायचं, हे मी घरून ठरवून निघाले नव्हते. भावोजींची मुलगी म्हणावं, तर त्या मुलीच्या तोंडावर सगळी जुनी गोष्ट उलगडायची. कुणी नाही म्हणावं, तर ती माझ्या शेजारी उभी होती.

"आक्काची मुलगी," मी म्हटलं.

सुलभाताई बघतच राहिल्या. "अहो, पण आक्कांना तर मूल..."

"नव्हतं," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत होत्या, मी रूपालीकडे. तिने मान खाली घातली होती आणि फिक्या दोऱ्याचं टोक शोधत होती.