घारीच्या वीतभर पुढं

एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी रजेवर साताऱ्याकडं गावी आलो तो गळ्यात कॅमेरा अडकवून. पलटणीतल्या दोस्ताकडून घेतलेला. चौथी नापास माणूस, पण ऐट कलेक्टरची.

बायकोनं एकच मागितलं. तिची आई सांगलीकडं, जतच्या माळावर. म्हातारीचे गुडघे गेलेले, आणि हिला म्हशी सोडून जाता येईना. तीन वर्षं मायलेकींची गाठ नव्हती.

"माझा एक फोटू काढा. आईला धाडायचाय."

"बारा हायत रिळात. अकरा माझे, शेवटचा तुझा."

मला घारीचं येड लागलेलं. उडती घार फोटोत धरायची, बस्स. पलटणीत शिकलेलं डोक्यात पक्कं: पळत्या निशाणावर नेम धरायचा नाही, त्याच्या पुढं धरायचा. आठ दिवस गावामागच्या कड्यावर पालथा पडून घारीच्या वीतभर पुढं नेम धरला आणि अकरा खटके दाबले. घारी लांबच राहिल्या. जीव काही भरला नाही.

नवव्या दिवशी ही फोटूसाठी नवं लुगडं नेसायला आत गेली आणि माझ्या डोक्यात शैतान शिरला. डालग्याखालचं कोंबडीचं एक पिल्लू काढून मी अंगणात मोकळं सोडलं. वर घार घिरट्या घालतच होती. ती पंख मिटून खाली आली. मी सवयीनं तिच्या पुढं नेम धरून खटका दाबला. तेवढ्यात आतून केरसुणी आली, केरसुणीमागं बायको. पिल्लू वाचलं. माझं काय खरं नव्हतं.

"माझं पिल्लू घारीला घालता व्हय? आन् माझा फोटू?"

"रीळ संपलं," मी म्हणालो. पुढचं लिहिण्यासारखं नाही.

साताऱ्याचा फोटोवाला फोटो हातात ठेवून म्हणाला, "आवं फौजी, एवढं आभाळ कशाला काढलंय?"

मी नेमाचं शास्त्र सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला. "ह्यातनं गोळी सुटत न्हाई वो! जिथं बघाल, तिथलंच येतंय."

अकरा फोटोत आभाळ. बाराव्यातही घार नव्हती. घारीच्या वीतभर पुढं आमची ही होती. नव्या लुगड्याचा काचा मारलेला, केरसुणी वर, तोंड हे एवढं उघडं.

"ह्यो धाडू आईला? तोंडात म्हस शिरंल!"

पण रजा संपत आलेली, दुसरं रीळ नाही. जतकडं निघालेल्या चुलतभावाच्या हाती तिनं तोच दिला, वर मला चार शिव्या.

महिन्यानं पलटणीत पत्र आलं. हिनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. आई लय हसली, मग रडली. म्हणाली, पोरगी सासरी दबून न्हाई, ब्येस झालं.

म्हातारी गेल्यावर तो फोटो आमच्याकडं आला. यंदा चैतात हीपण गेली. मी तो भिंतीवर लावला, तर थोरला पोरगा म्हणतो, "आण्णा, पाव्हणं काय म्हणतील? तोंड मिटलेला एखादा बघा की."

तोंड मिटलेली मी तिला एकदाच बघितली. तसला फोटो मला नको.