ओळंब्याचा उजवा डोळा

भिंत सरळ उभी आहे का, हे बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला हे नाव त्याच्या मेहुण्यानं चेष्टेत दिलं. पुढे ते गिऱ्हाइकांच्या तोंडी बसलं आणि मिस्त्रीलाही मनातून आवडू लागलं. त्याची रीतच तशी होती. काम उरकलं की तो दारात पालथा पडायचा, गाल जमिनीला टेकवायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं फरश्यांच्या सांध्यांची रेष पार समोरच्या भिंतीपर्यंत न्याहाळायचा. तो उठून हात झटकेपर्यंत मेहुणा हत्यारं धुवायला घेत नसे.

एका स्वयंपाकघरात तो असाच पडला, तो बराच वेळ उठेचना.

"डोळा लागला का, दाजी?"

"मधली ओळ फुगलीय. काढ."

मेहुण्यानं दोरी ताणून धरली. फरश्यांची कड दोरीला नेमकी लागून होती. "बघा, दोरी काय म्हणते."

"दोरीच वाकडी धरलीस तू."

ताणलेली दोरी वाकडी कशी असेल, हे मेहुण्यानं विचारलं नाही. नात्याचा मान राखून त्यानं ओळ काढली, पुन्हा बसवली. मिस्त्री पुन्हा पालथा. फुगवटा तिथेच. आणखी एकदा उचकटताना फरशी तडकली, तसा मेहुणा उठला. "फरशी सरळ आहे. नजर कुणाची वाकडी झालीय, ते ताईला विचारा," म्हणाला आणि थापी बादलीत टाकून चालता झाला.

घरी मिस्त्रीनं खिडकीचे गज पाहिले. दोन्ही डोळ्यांनी सरळ. डावा मिटला, तर मधले गज कमरेत वाकलेले. समोर बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे कान दिसले, केस दिसले. नाकडोळे मात्र ओल्या बोटानं पुसल्यासारखे. त्यानं घाईघाईनं दोन्ही डोळे उघडले.

ओळंबाच वाकडं बघतो म्हटल्यावर काम कोण देणार? पाठ धरलीय असं सांगून तो घरीच बसला. एक आठवडा गेला, दुसरा गेला, मग कितीतरी गेले. शेवटी बायकोच म्हणाली, "पाठ दुखणारा माणूस दिवसभर एक डोळा मिटून खिडकीकडे बघत बसत नाही. उठा आता."

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या. चौकटींचा कागद समोर धरून कुठल्या रेषा वाकतात ते विचारलं. मग यंत्रावर हनुवटी टेकवून डोळ्याच्या आतल्या पडद्याचा स्कॅन काढला. चित्रात थरावर थर होते, आणि मधोमध एक उंचवटा.

"आपली नजर एकवटते ती ही जागा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पडद्याखाली नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या उगवल्यात. त्या पाझरतात, आणि त्या पाण्यानं पडदा उचलला गेलाय."

"म्हणजे खालून ओल आली."

"तसंच समजा. ती थांबवायला डोळ्यात इंजेक्शन द्यायचं. एकदा नाही, सुरुवातीला दर महिन्याला."

"डोळ्यात?" बायकोनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"डोळा बधिर करून देतो. वाटतं तेवढं अवघड नसतं."

"रेष सरळ होईल?" मिस्त्रीनं विचारलं.

"सुधारेल. पूर्ण सरळ होईल असं खोटं नाही सांगणार. बऱ्याच जणांना पत्ताच लागत नाही, कारण चांगला डोळा दुसऱ्यावर पांघरूण घालतो. तुम्हाला कधी कळलं?"

"यांना कळलं होतं हो," बायको म्हणाली, "सांगितलं नाही."

"लवकर आला असतात तर बरं झालं असतं," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

दोन इंजेक्शनांनंतर बायकोचे नाकडोळे जागेवर आले. गजांत मात्र थोडा बाक उरला. तो कदाचित राहीलच, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्या संध्याकाळी मिस्त्री बायकोला घेऊन मेहुण्याच्या घरी गेला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधीच म्हणाला, "फरशी सरळच होती. मला वाकडं दिसत होतं." मग सगळं सांगितलं.

मेहुण्यानं त्याचा उजवा डोळा जवळून निरखला. "मग डाव्या डोळ्यानं बघा की."

मिस्त्रीनं उजवा मिटायचा प्रयत्न केला. दोन्ही मिटले. पुन्हा प्रयत्न केला, तर तोंडच वाकडं झालं. मेहुण्याला हसू आवरेना.

"हसू नकोस. यापुढे शेवटची नजर तुझी. तू म्हणशील ते सरळ."

"आणि तुम्ही काय करणार?"

"फरश्या बसवीन. तुझ्या चुका काढीन."

"ते काय, तुम्ही आंधळे झालात तरी कराल!"

शब्द तोंडातून गेला आणि मेहुण्यानं जीभ चावली. दारात बहीण उभी होती. सगळ्यांत आधी मिस्त्रीच हसला, पोट धरून.

"पुढचं इंजेक्शन कधी?" मेहुण्यानं विचारलं.

"मंगळवारी."

"मी येतो. ताईचे तिथे पाय लटपटत असतील."

"माझे लटपटतात," मिस्त्री म्हणाला. "ती धरून उभी असते."