डाव्या चाकाचा दांडा

मालू, इकडे ये, जवळ बस. तू नाशिकला आणि मी इथे धुळ्यात, देवपुरात, मधे एवढा रस्ता, तरी म्हणते जवळ बस. बापाचा तेरावा उरकला आणि दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून निघालीस, आत्याशी धड बोललीसुद्धा नाहीस. असं करतात का गं? आईवर रुसलीस, ते मला दिसलं. तू तिला म्हणालीस, आता एकटी मेहरूणला कशाला राहतेस, माझ्याकडे चल. ती म्हणाली, तुझ्या घरी पाळणा हलल्याशिवाय मी तिथलं पाणी पिणार नाही, मग येऊन राहू कशी? तू डोळे पुसलेस, आणि जाता जाता रागाने सांगितलंस, ‘अंगणातली ती गाडी तेवढी मोडीत देऊन टाका.’ गाडीने काय केलं होतं बाई तुझं? पण चूक तुझी नाही. त्या गाडीची गोष्ट तुला कुणी सांगितलीच नाही. म्हणून वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिते आहे. चार लोक वाचतील, वाचू देत. तुझ्या बापाला ओळखणारे खानदेशात कमी नाहीत.

उखा, तुझा बाप, गेल्याचं मला एस.टी.च्या कंडक्टरने सांगितलं. मी ओट्यावर गहू निवडत होते. तो माणूस रोज जळगावची गाडी घेऊन येणारा, आमच्या गल्लीतलाच. दारात उभा राहिला आणि टोपी काढून हातात धरली. टोपी काढली तेव्हाच मी समजले... केळीच्या बागेत पाणी धरताना बांधावर टेकला, तो उठलाच नाही. हातातलं फावडं तसंच. मी सूप खाली ठेवलं, आणि काय सांगू, पहिला विचार आला तो हा, की आता मला ‘अक्का’ कोण म्हणणार.

त्याचं नाव उखर्डू. आमच्या आईची माझ्या पाठची दोन लेकरं गेली, म्हणून हे पुढचं उकिरड्यावर टाकल्यासारखं करून उचललं आणि नाव ठेवलं उखर्डू, म्हणजे नजर लागायला नको. गाव त्याला उखाभाऊ म्हणायचं. लहानपणापासून बंद पडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. कंदील, शिवणयंत्र, विहिरीवरचं इंजिन, सगळं उघडून बसायचा. पुढे स्वातंत्र्यानंतरच्या एकदोन वर्षांत जळगावच्या एका कापूसवाल्याने टाकून दिलेली मोटार त्याने घरी, मेहरूणला, आणली. ती आणली बैलांनी ओढून, हे आधीच सांगते. महिनाभरात ती स्वतःच्या पायाने चालायला लागली.

आता माझं ऐक. लग्न होऊन मी धुळ्याला आले ती कोवळी पोर, आणि माझ्या घरी पाळणा काही हलला नाही. नवससायास झाले, औषधं झाली. तुझ्या फुवांनी, माझ्या मालकांनी, मला कधी शब्दाने दुखावलं नाही, पण आमची आई काही माझ्या घरी आली नाही. रीतीची पक्की. ‘तुझ्याकडे बारशालाच येईन,’ म्हणायची. आधी हसत म्हणायची, मग नुसतं म्हणायची, मग म्हणायचंच सोडून दिलं. दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी जायची, झोके घ्यायची, आमरस खायची, आणि परत येताना मला वाटायचं, माझी चूल कुठे आहे, माझी तुळस कुठे आहे, हे माझ्या आईला ठाऊक नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी तू तुझ्या आजोळी होतीस, लहान होतीस. आई विहिरीवर घसरून पडली होती आणि कंबरेतून बसली होती. खाटेवरून उठवायची तर दोघं लागायची. मी अखाजीला गेले, तिच्या पायाला तेल लावत होते. तिचं माहेर धुळ्याकडचं, बोली शेवटपर्यंत अहिराणी. मला हळूच म्हणाली, ‘मरानं पहिले तुन्हं घर देखनं शे माले.’ मी तेल लावायचीच थांबले. मग म्हणाली, ‘पन पानी नही पिसू हां.’

वैशाखाचं खानदेशातलं ऊन, धुळ्यापर्यंतचा रस्ता, आणि म्हातारी पाण्याशिवाय राहणार. शिवाय एस.टी.चे धक्के तिच्या कंबरेला सोसणारे नव्हते. मी रडायला लागले. उखा ओसरीवर बसून ऐकत होता. म्हणाला, ‘अक्का, रडतेस काय? आई माझ्या मोटारीत येईल. मोटार तुझ्या अंगणात उभी करू. ती आतच बसेल, आतच पाणी पिईल. मोटार माझी आहे, म्हणजे घर माझं. काय आई, लेकाच्या घरी पाणी प्यायला हरकत आहे का?’ आईने छताकडे बघितलं. मग म्हणाली, ‘वकील व्हवाले पाहिजे व्हतास तू.’ म्हणजे कबूल.

पण त्या मोटारीची मागची कमान मोडलेली होती. कमान म्हणजे चाकांवरची ती पोलादी पात्यांची चवड, जिच्यामुळे धक्का आत बसत नाही. तशा गाडीतून आईला नेणं म्हणजे वखरावर बसवून नेणं. उखाने मागचा भाग ओंडक्यांवर चढवला, कमानी काढल्या, तेव्हा कळलं की चाकांच्या आतले बेअरिंगही गेलेत. ते बदलायचे तर चाकाला फिरवणारा लांब लोखंडी दांडा आधी बाहेर यायला हवा. हाफ शाफ्ट म्हणायचा तो त्याला. उजवीकडे एक, डावीकडे एक. उजवा थोडी कुरकुर करून निघाला. डावा मात्र नळीत असा बसला होता, जणू तिथेच उगवलाय. उखाने रॉकेल सोडलं, गरम राखेच्या पोटल्या बांधल्या, रात्रभर भिजू दिला. जळगावचा मेस्त्री येऊन बघून गेला. म्हणाला, टोकावर घण घातला तर आटे बसतील, मग नटही लागायचा नाही, मोडीत घाला. तिकडे आईचं जेवण कमी होत चाललं होतं. वैद्य सांगून गेले होते की न्यायचं तर मृगाच्या आत न्या, नंतर हलवू नका.

मग उखाने ते केलं, जे आपल्याकडचाच माणूस करू शकतो. नशिराबादहून तुझ्या मामाची बैलजोडी आणली. मामाही आले, बैल काय नुसते पाठवायचे? विहिरीवर मोटेला लावतात तो जाड नाडा दांड्याच्या टोकाला बांधला आणि बैल हाकारले. बैल बिचारे इमानी. त्यांनी ओढलं. दांडा जागचा हलला नाही, अख्खी मोटार ओंडक्यांवरून घसरली आणि अंगण नांगरत तुळशीपर्यंत गेली. मामा ‘हो, हो’ करत मागे धावताहेत, तुझी आई तुळशीपुढे आडवी उभी... खाटेवरून आईचा आवाज आला, ‘उखा, पेरनी कवय करस?’ पेरणी कधी, म्हणे. पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली. उखा हसला नाही. तो मातीत बसून त्या चरीकडे बघत राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि मला वाटलं, संपलं. आई माझं घर बघणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी आई उखळात तिखट कांडत होती. उखा चहाची बशी हातात धरून तिच्या मुसळाकडे बघत होता. एकदम म्हणाला, ‘ओढून नाही यायचा तो. ठोका बाहेरच्या बाजूला बसायला हवा.’ त्याने चाकाचा तुंबा, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते जड कडं, दांड्यावर परत सरकवलं आणि पुढे नट सैल ठेवून लावला. आता ते कडं दोन्ही हातांनी धरून जोरात बाहेर हिसडलं की नटावर आदळायचं, आणि दांड्याला बाहेरच्या दिशेने ठोका मिळायचा. एकट्याने कडं सरळ येईना. तुझ्या आईने मुसळ ठेवलं, पदर खोचला आणि समोरून कडं धरलं. ‘अहो, मोजा,’ म्हणाली. तो म्हणाला, ‘मोजायचं कशाला, तू कांडतेस तसं.’ ठण्... ठण्... मधेच थांबून दांडा जरा फिरवायचा, रॉकेल सोडायचं, पुन्हा ठण्. शेजारीपाजारी कुंपणाशी येऊन उभे. ऊन डोक्यावर आलं. दोघांचे हात सोललेले. मी म्हटलं, वहिनी, सोडा आता, मी धरते. मान हलवून नाही म्हणाली. आणि असाच एक ठोका बसला, त्याचा आवाज वेगळा आला, बद्द... पुढच्याला दांडा सर्रकन बाहेर आला आणि दोघं मागे कोसळली. काळं तेल अंगभर. उखाच्या मांडीवर तो दांडा, आणि वहिनी हसत होती का रडत होती, मला आजही सांगता यायचं नाही.

आईला आणलं ते मागच्या गादीवर आणखी दोन गाद्या घालून. पारोळ्याला सावलीत थांबलो. नव्या कमानींवर गाडी अशी चालत होती, की आई वाटेत झोपली. पांझरा ओलांडून देवपुरात शिरलो, उखाने गाडी थेट माझ्या अंगणात तुळशीजवळ आणली आणि ठरल्याप्रमाणे मला म्हणाला, ‘अक्का, पाणी आण.’ मी तांब्या-भांडं घेऊन आले. उखाने ते माझ्या हातून घेतलं, म्हणजे पाणी लेकाने दिलं असं व्हावं, आणि दारातून आत धरलं. आईने भांडं घेतलं नाही. ती माझ्या घराकडे बघत होती. ओटा, चौकट, चौकटीवरची मी काढलेली हळदीकुंकवाची बोटं, सगळं सावकाश बघितलं. मग उखाचे फडकी बांधलेले हात बघितले. म्हणाली, ‘माले खाले उतार.’

‘अगं, इथेच पी ना,’ उखा म्हणाला. ‘ठरलंय आपलं.’

‘उतार म्हंतस ना. पोरना ओटावर बठीसन पिसू.’

उखाने तिला उचललं. माझ्या ओट्यावर बसवलं. तिने माझ्या हातून पाणी घेतलं आणि पूर्ण भांडं संपवलं... मग आणखी मागितलं. उखा गाडीमागे गेला आणि बराच वेळ चाक तपासत बसला. चाकाला काही झालेलं नव्हतं.

आई पुढच्या थंडीत गेली. उखाने यातलं कुणाला काही सांगितलं नाही, तुलाही नाही. मोडक्या कमानीच्या एका पात्याची त्याने लोहाराकडून मला विळी करून दिली. अजून तिची धार गेली नाही. आजही तिच्यावर वांगी चिरते, आणि पहिला काप दिला की ठण् आवाज कानात येतो.

गाडी मोडीत द्यायची का, ते आपण मागाहून बघू. तुझी आई सध्या माझ्याकडे आली आहे, आत बसून लसूण सोलते आहे. आडून आडून तुझ्याकडे येण्याचा विषय काढते मी. एकदम ओढून ती येणार नाही, तुला ठाऊक आहे. पण काल मी डाव्या चाकाची आठवण काढली, तर हातातला लसूण तसाच ठेवून स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसली. मालू, आता राग पुरे कर. या शनिवारी निघ, जावईबापूंनाही आण. पाणी भरून ठेवते.