मारुतीअण्णांच्या गाडीचं ऑइल

गॅरेजमध्ये दोन गोष्टी न मागता साठतात. एक काळं ऑइल आणि दुसरे किस्से. काळं ऑइल न्यायला निदान लोक डबे घेऊन येतात, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते आपल्याच तळाशी बसून राहतात! उमरग्याला हायवेवर मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी आणि मी मिळून तीस वर्षं गॅरेज चालवलं. ट्रकची इंजिनं, त्यातल्या त्यात ऑइलची कामं, ही आमची खासियत. आता चौपदरी रस्ता झाल्यापासून गाड्या नुसत्या सुसाट जातात आणि आम्ही दोघं चहा पीत बसतो. अशा वेळी जे वर येतं त्यातलं निम्मं मारुतीअण्णांचंच असतं. तेवढंच सांगतो.

*

मारुतीअण्णा म्हणजे स्वतःच्या गाडीचे मालक आणि ड्रायव्हर. एकच ट्रक, बावीस वर्षं स्वतः चालवलेला. रोज सकाळी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बाहेर काढून बघितल्याशिवाय अण्णा चहासुद्धा घेत नसत.

पट्टी पुसायला आम्ही चिंधी द्यायचो. अण्णा ती खिशात ठेवायचे आणि पट्टी पुसायचे पायजम्याला! पांढराशुभ्र पायजमा, डाव्या मांडीवर तीन काळे पट्टे. आमच्या वहिनी, म्हणजे अण्णांच्या घरच्या, साबण घासून घासून दमल्या. शेवटी त्यांनी सांगितलं, "तेवढी मांडी तुमची तुमी धुवा."

एकदा अण्णा तसेच एका लग्नाला गेले. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्याने पट्ट्यांकडे बघितलं, अण्णांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "पाव्हणं, गंध कपाळाला लावत्यात!"

*

जुन्या गाड्यांना ऑइलचं प्रेशर कमी झालं की एक लाल दिवा लागायचा. अण्णांचा त्या दिव्यावर भयंकर राग. मला म्हणायचे,

"बालाजी, दिवा लागला म्हंजी मयताचा सांगावा आला की रं! मला माणूस आजारी पडल्यावरच कळाया पायजे."

मग उस्तादांनी इंजिनापासून केबिनपर्यंत तांब्याची बारीक नळी ओढली आणि अण्णांच्या पुढ्यात काट्याचं मीटर बसवलं. इंजिनात ऑइल किती जोरात फिरतंय ते आता बसल्या जागी दिसू लागलं. गार असताना काटा वर, तापल्यावर जरा खाली. अण्णा इतके खूश झाले की उस्तादांचा हात सोडेनात.

चौथ्या दिवशी गावाबाहेरच्या वळणावर गाडी ज्वारीत! कोणाला लागलं नाही, गाडीलाही काही झालं नाही, फक्त ज्वारी आडवी झाली. आम्ही धावतपळत गेलो तर अण्णा स्टिअरिंग धरून शांत बसलेले.

उस्ताद ओरडले, "अण्णा, ध्यान कुठं होतं ओ?"

"काट्यावर! काटा जागचा हलला न्हाय, उस्ताद. रस्ताच वळला!"

*

आता माझी चूक सांगतो. लोकांच्या चुका सांगून स्वतःची झाकायची, हे अण्णांना आवडलं नसतं.

ऑइल फिल्टरला तोंडाशी रबराची रिंग असते. फिल्टर बदलताना जुनी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. ती न बघता नवा फिल्टर चढवला की दोन रिंगा एकावर एक बसतात आणि प्रेशर आलं की त्या फाटतात. हे मला चांगलं माहीत होतं. तरी पण त्या दिवशी मी बोलण्याच्या नादात फिल्टर आवळला. अण्णांनी गाडी चालू केली आणि नवंकोरं ऑइल गॅरेजभर उडालं! माझ्या डोक्यावर, उस्तादांच्या टोपीवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

अण्णांची नजर काट्यावरच असायची म्हणून इंजिन वाचलं. काटा पडलेला दिसताच त्यांनी गाडी बंद केली. मी मान खाली घालून उभा. आता शिव्या येणार म्हणून वाट बघतोय. अण्णा खाली उतरले, माझ्या डोक्यावरून निथळणारं ऑइल बोटाने निपटलं, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, "माल मात्र चांगला आणलाय गड्या!"

त्यानंतर जेव्हा जेव्हा मी फिल्टर हातात घेतला, तेव्हा तेव्हा अण्णा बाकड्यावरून विचारायचे, "एकच ना?" अख्खं गॅरेज हसायचं. मी चिडायचो. आता फिल्टर बसवताना तसं विचारणारं कोणी नसतं. मग मीच मनात विचारतो, "एकच ना?"

*

उन्हाळ्यात नळदुर्गचा घाट चढताना काटा जरा जास्तच खाली यायचा. ऑइल तापून पाण्यागत पातळ व्हायचं. उस्तादांनी मोठ्या गाडीचा जुना ऑइल कूलर मिळवला, दोन दिवस खपून तो रेडिएटरच्या पुढं बसवला. घाटात काटा जागेवर राहिला. परत आल्यावर अण्णांनी गॅरेजात पेढे वाटले.

समोरच्या हॉटेलवाल्याने विचारलं, "काय झालं ओ अण्णा, नातू का नात?"

अण्णा म्हणाले, "ऑइल गार झालं!"

*

आमच्या गॅरेजचा एक नियम होता, तो मुळात अण्णांचा. ऑइल बदलल्यावर लगेच इंजिन पेटवायचं नाही. स्टॉपची वायर ओढून धरायची, म्हणजे डिझेल बंद. मग नुसता स्टार्टर मारायचा. इंजिन फिरतं पण पेटत नाही, आणि तेवढ्यात ऑइल तळापासून वरपर्यंत चढतं. वर पोचलं की मगच वायर सोडायची. "कोरड्या घशानं कुणाला कामाला लावू नये," असं अण्णांचं म्हणणं.

एकदा एक साहेब घाईत आले. त्यांची गाडी तयार होती, आम्ही स्टार्टर मारत होतो. साहेब वैतागले, "अहो, चालू होत नाही का गाडी? मग दुरुस्त काय केलं?"

अण्णा बाकड्यावरून शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमी सकाळी उठल्या उठल्या पळत सुटता का ओ?"

साहेबांचं पोट बरंच सुटलेलं होतं. ते येऊन बाकड्यावर टेकले.

*

मग अण्णांचे डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, पण उजव्या डोळ्याला दिसेना आणि डाव्यालाही धुरकट दिसू लागलं. डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद सांगितलं. गाडी विकावी लागली. हुमनाबादकडचे एक रेड्डी म्हणून गृहस्थ आले. भला माणूस, कानडीमिश्रित मराठी बोलणारा.

अण्णांनी त्यांना गाडी दाखवली अर्धा तास आणि ऑइलबद्दल सांगितलं अडीच तास! कुठलं घालायचं, किती किलोमीटरला बदलायचं, थंडीत काटा कुठं, घाटात कुठं, इंजिन गरम असतानाच ऑइल का सोडायचं. रेड्डी नुसते मान हलवत होते. शेवटी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "मिस्त्री, यांनी मला गाडी विकली की मलाच नोकरीला ठेवलं?"

आम्ही पोट धरून हसलो. पण गाडी हायवेला लागली तेव्हा अण्णा रस्त्याच्या कडेला उभे राहिले. धड दिसत तर नव्हतंच. मान तिरकी करून ते आवाज ऐकत होते, तिसरा गिअर, चौथा, पाचवा. आवाज संपल्यावरसुद्धा बराच वेळ उभे होते. मी जवळ गेलो तर एवढंच म्हणाले, "एकदा परत ऐकू आली पायजे रं."

*

त्यानंतर अण्णा रोज गॅरेजात यायला लागले. सकाळी नऊला बाकड्यावर. रेड्डींची गाडी महिन्याला किती चालत असेल याचा त्यांनी डोक्यात हिशेब बांधला होता. मधूनच जाहीर करायचे, "आज तिचं ऑइल आलं. बदलाया इथंच येईल बघ."

हायवेवरून एखादी तशीच गाडी गेली की अण्णा उठून उभे राहायचे. मग हळूच बसायचे.

उस्ताद चिडवायचे, "अण्णा, वो नही आती. तिला तिकडं नवा मिस्त्री मिळाला."

"येईल ओ. ऑइल कुणाला चुकलंय?"

एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. एकदा अण्णा दिवसात चार वेळा उठले आणि चार वेळा बसले. चौथ्या वेळी उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. उठून अण्णांच्या शेजारी जाऊन बसले आणि तेही रस्त्याकडं कान लावून ऐकू लागले. तेव्हापासून उस्तादांनी त्यावरून अण्णांना कधी चिडवलं नाही.

*

आणि एक दिवस ती आली! खरंच आली. तोच नंबर, तोच डाव्या दरवाजाचा पोचा. मीच ओरडलो, "अण्णा, गाडी! तुमची गाडी!"

अण्णा जागचे हलले नाहीत. गाडी त्यांच्यापासून दहा हातांवर उभी, इंजिन चालू. त्यांनी मान तिरकी केली, थोडं ऐकलं आणि म्हणाले, "ही न्हाय."

"अहो नंबर बघितला मी!"

"नंबर आसंल. ही न्हाय."

ड्रायव्हर खाली उतरला, त्याला विचारलं. तो म्हणाला, "व्हय, इंजिन बदललंय की. मालकाला कमी वापरलेलं दुसरं मिळालं. जुनं बेंबळीच्या गुऱ्हाळवाल्याला दिलं."

मला वाटलं अण्णा आता कोसळतात. दोन वर्षं ज्या आवाजासाठी बाकडं झिजवलं, तो गाडीत नव्हताच. अण्णांनी खिशातून आम्ही दिलेली चिंधी काढली, तोंड पुसलं आणि विचारलं, "बालाजी, बेंबळीला उद्या जायाचं का?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, अण्णा, ऑइलचे डबे आणि नवा फिल्टर असे जीपमधून निघालो. अण्णांनी धुतलेला पायजमा, टोपी, इतकंच काय, नवीन चपला घातल्या होत्या.

बेंबळीच्या अलीकडं उसाच्या फडातून आवाज आला. मला काही वेगळं कळलं नाही, डिझेल इंजिनाचा असतो तसा आवाज. अण्णांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. "थांब. गाडी बंद कर." मी जीप कडेला घेतली. अण्णा डोळे मिटून ऐकत राहिले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. मी फडाकडं बघत बसलो.

गुऱ्हाळावर गेलो. दोन चरक आणि विहिरीचा पंप, सगळं त्या एका इंजिनावर पट्ट्याने फिरत होतं. बाजूला कढईत रस उकळत होता. गुऱ्हाळाचे मालक पुढं आले. मी सांगितलं, आम्ही उमरग्याचे, हे इंजिन आमच्या ओळखीचं आहे, फुकटात ऑइल बदलून देतो. मालक चक्रावले, पण माणूस दिलदार. इंजिन बंद करून दिलं.

अण्णांनी मला पानासुद्धा धरू दिला नाही. चाचपडत चाचपडत तळाचा बोल्ट सोडला. डांबरासारखं ऑइल पडलं तसा त्यांचा जीव कळवळला. "किती दिस ठिवलंय ओ हे!" मालक ओशाळले. नवा फिल्टर, नवं ऑइल. मग मी स्टॉप ओढून धरला आणि मालकांनी स्टार्टर मारला. इथं काट्याचं मीटर नव्हतं. अण्णांनी इंजिनावरचं झाकण काढून आत बोट घातलं आणि वाट बघत राहिले. बोटाला ऑइल लागलं तेव्हा म्हणाले, "सोड."

इंजिन पेटलं. अण्णांनी पंजा इंजिनावर ठेवला आणि तसेच उभे राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कढईवरची माणसंसुद्धा काम थांबवून बघू लागली. मग अण्णांनी मालकांना ऑइलबद्दल सगळं सांगितलं, पण अडीच तास नाही. दोनच वाक्यं, आणि तीही हात जोडून. "वेळच्या वेळी बदला. कोरडं पळवू नगा."

ऊन मी म्हणत होतं. मालकांनी ताजा रस काढला, आलं-लिंबू पिळून तांब्या भरून आणला. मी दोन पेले रिचवले. अण्णा नको म्हणाले. गरम गुळाचा खडा पुढं केला, तोही नको. मालक म्हणाले, बरं निदान पाणी तरी घ्या. अण्णांचे ओठ वाळलेले मला दिसत होते. त्यांनी पाण्यालाही हात लावला नाही.

मालकांचा चेहरा पडला. "का ओ अण्णा? आमच्या घरचं पाणी चालत न्हाय का तुमास्नी?"

अण्णांनी घाईघाईने त्यांचे दोन्ही हात धरले.

"तसं न्हाय ओ पाव्हणं! लेक दिली त्या घरचं पाणी पीत न्हाईत आमच्यात."